छापील आठ, खर्च एक: ‘ट्रेझर क्रूझ’चा हिशेब

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाचा ‘खान्स ऑफ तारकीर’ हा संच २६ सप्टेंबर २०१४ ला बाजारात आला. त्यात ‘ट्रेझर क्रूझ’ नावाचं एक कार्ड होतं. दर्जा कॉमन, म्हणजे पाकीट फोडल्यावर रेअर कार्ड उचलून बाकीचा गठ्ठा बाजूला सरकवतात, त्या गठ्ठ्यातलं. उजव्या कोपऱ्यात किंमत: सात कुठल्याही रंगाचे मॅना आणि एक निळा. (मॅना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा, ती मुख्यतः ‘लँड’ कार्डांतून मिळते.) मजकूर दोनच गोष्टींचा: ‘डेल्व्ह’ ही क्षमता, म्हणजे ग्रेव्हयार्डमधली (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातली) कार्डं जाळून किमतीचा काही भाग भरणं, आणि ‘तीन कार्डं ओढा’. तेही सॉर्सरी, म्हणजे फक्त आपल्याच टर्नमध्ये खेळता येणारं.

१९ जानेवारी २०१५ ला खेळाची कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने जाहीर केलं की मॉडर्न आणि लेगसी या दोन्ही फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे कुठली कार्डं चालतील हे ठरवणारा खेळाचा प्रकार) या कार्डावर बंदी, आणि व्हिंटेजमध्ये डेकमागे एकच प्रत चालेल. निर्णय २३ जानेवारीपासून लागू झाला. म्हणजे कार्ड चार महिनेही टिकलं नाही. त्याच काळात स्टँडर्ड या फक्त अलीकडच्या संचांच्या फॉरमॅटमध्ये मात्र ते निवांत चालू होतं आणि तिथे त्याला कुणी हात लावला नाही.

एकच कार्ड, तोच मजकूर, आणि इतके वेगळे निकाल. नवं कार्ड कसं तोलायचं हे शिकायला याहून चांगलं प्रकरण सापडणं अवघड आहे. इथे आपण सप्टेंबर २०१४ मध्ये जाऊन बसू. संचाची पूर्ण यादी समोर आहे, हातात मॉडर्नचा लाल-निळा डेक आहे आणि प्रश्न तीन आहेत: हे कार्ड घ्यायचं का, किती प्रती, आणि त्यासाठी डेकमधून बाहेर काय जाणार?

कोपऱ्यातला आकडा

पहिली चूक कोपऱ्यातला आकडा वाचताना होते. आठ मॅना म्हणजे मॉडर्नमध्ये ‘कधीच नाही’. त्या फॉरमॅटमध्ये बरेच डाव चौथ्या-पाचव्या टर्नला निकाली निघतात, आठ लँड टेबलावर येण्याची वाट कोण बघणार? शिवाय डेल्व्हचा इतिहासही फारसा भरवसा देणारा नव्हता. ही क्षमता २००७ च्या ‘फ्यूचर साइट’ संचात पहिल्यांदा आली. त्यातला ‘टूमस्टॉकर’ हा आठ मॅनाचा, ५/५ ताकदीचा उडणारा राक्षस ठरावीक डेकमध्ये खेळला गेला, पण त्याने कुठला फॉरमॅट हलवला नाही. मग ‘डेल्व्ह म्हणजे बरं, पण वेडं नव्हे’ असा ग्रह डोक्यात पक्का बसलेला.

पण टूमस्टॉकर प्राणी होता. तो मेला की त्याच्यासाठी जाळलेलं सगळं ग्रेव्हयार्ड वाया. क्रूझ तीन कार्डं देतं, आणि ती तीन कार्डं खेळली की ग्रेव्हयार्ड पुन्हा भरायला लागतं. हा फरक पहिल्या वाचनात निसटतो. क्षमतेचं नाव तेच असलं तरी ती कशावर चिकटवली आहे यावर सगळं अवलंबून.

तुलनेसाठी तराजू आधी ठरवावा. तीन कार्डं ओढण्याचा गेममधला जुना, रुळलेला भाव चार मॅना आहे: २००१ च्या ‘ओडिसी’ संचातलं ‘कॉन्सन्ट्रेट’ बरोबर तेवढ्याला तीन कार्डं देतं. दोन कार्डांचा भाव तीन मॅना, ते ‘डिव्हिनेशन’. आणि तराजूच्या दुसऱ्या टोकाला १९९३ मधलं ‘अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल’: एक निळा मॅना, तीन कार्डं, तेही इन्स्टंट, म्हणजे कुणाच्याही टर्नमध्ये खेळता येणारं. गेमच्या सर्वांत ताकदवान कार्डांत त्याची गणना होते आणि व्हिंटेज सोडून ते कुठे चालतच नाही. तेव्हा खरा प्रश्न ‘क्रूझ चांगलं का?’ हा नाही. आपल्या डेकमध्ये, कितव्या टर्नला, ते कॉन्सन्ट्रेटच्या जवळ असेल की रिकॉलच्या, हा आहे.

डेल्व्ह नेमकं काय भरतं

कास्ट करताना, म्हणजे कार्ड खेळताना, ग्रेव्हयार्डमधलं एक कार्ड एक्झाइल केलं (खेळाबाहेर टाकलं, ‘जाळलं’) की किमतीतला ‘कुठल्याही रंगाचा’ एक मॅना भरला गेला असं धरतात. निळा मॅना मात्र निळ्यानेच भरावा लागतो. क्रूझच्या बाबतीत जास्तीत जास्त सात कार्डं वापरता येतात आणि खिशातून कमीत कमी एक निळा जातोच. ग्रेव्हयार्डमध्ये दहा कार्डं असली तरी आठवं जाळून काही मिळत नाही.

पुढचे बारकावे टेबलावर भांडण लावणारे आहेत. ‘थालिया, गार्डियन ऑफ थ्रेबेन’सारख्या कार्डाने किंमत एकने वाढवली तर तो वाढीव मॅनाही डेल्व्हने भरता येतो, कारण तो एकूण किमतीचा भाग झाला. ‘मॅना लीक’ने (तीन मॅना भरले नाहीत तर समोरचं कार्ड रद्द करणारं कार्ड) मागितलेले तीन मॅना मात्र डेल्व्हने भरता येत नाहीत, ते नंतरचं मागणं आहे. प्रतिस्पर्धी ग्रेव्हयार्ड पुसणारी ‘टॉरमॉड्स क्रिप्ट’ घेऊन बसला असेल तर कास्ट सुरू होण्याआधीच त्याने ती वापरली पाहिजे. एकदा आपण कार्ड जाहीर करून एक्झाइल करायला घेतलं की मध्ये हात घालता येत नाही. आणि क्रूझ काउंटर, म्हणजे रद्द, झालं तर जाळलेली सात कार्डं परत येत नाहीत. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने एका काउंटरमध्ये एक कार्ड आणि आपलं अख्खं ग्रेव्हयार्ड उडवलं.

कार्डाचं मॅना मूल्य, म्हणजे छापील किमतीची बेरीज, मात्र कायम आठच राहतं, आपण भरलेलं काहीही असो. एकवर लावलेलं ‘चॅलिस ऑफ द व्हॉइड’ एक मॅनाचे सगळे मंत्र अडवतं, पण एका मॅनाला खेळलेलं क्रूझ त्यातून निसटतं. उलट बाजूने, डेकमध्ये ‘डार्क कॉन्फिडंट’ (उघडलेल्या कार्डाच्या मॅना मूल्याइतके आपलेच प्राण घेणारा) असेल तर त्याच्या क्षमतेने क्रूझ उघडं पडल्यावर आठ प्राण जातात. सुरुवातीच्या वीसपैकी आठ, आणि शून्यावर आलं की हार! काळ्या-निळ्या डेकमध्ये हे दोघं एकत्र ठेवण्याआधी दोनदा विचार करावा.

ग्रेव्हयार्डची खातेवही

आता डेक. नमुन्यासाठी साठ कार्डं अशी धरू: चार ‘डेल्व्हर ऑफ सीक्रेट्स’, चार ‘मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर’, चार ‘यंग पायरोमॅन्सर’, चार ‘लाइटनिंग बोल्ट’, चार ‘सिरम व्हिजन्स’, चार ‘गिटाक्सियन प्रोब’, चार ‘थॉट स्कावर’, चार मॅना लीक, तीन ‘फोर्क्ड बोल्ट’, तीन ‘व्हेपर स्नॅग’, चार क्रूझ, आणि अठरा लँड, त्यातल्या नऊ फेचलँड, म्हणजे एक प्राण घेऊन स्वतःला फोडून (ग्रेव्हयार्डमध्ये टाकून) डेकमधून दुसरी लँड आणणाऱ्या. (डेल्व्ह ही क्षमता आणि डेल्व्हर हा किडा, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नवे खेळाडू हमखास गोंधळतात.)

यातली कुठली कार्डं आपणहून ग्रेव्हयार्डमध्ये जातात ते मोजा. क्रूझ सोडून इन्स्टंट आणि सॉर्सरी सव्वीस, फेचलँड नऊ. एकूण पस्तीस, म्हणजे साठाच्या अठ्ठावन्न टक्के. हा आकडा कुठलंही डेल्व्ह कार्ड तोलताना पहिल्यांदा काढावा. प्राण्यांनी भरलेल्या डेकमध्ये तो पंधरा-वीस कार्डांवर येतो आणि तिथेच बहुतेक वेळा विषय संपतो.

पण नुसत्या संख्येने भागत नाही, मॅना आणि वेळ यांची सांगड लागते. पहिल्यांदा खेळणाऱ्याचा एक चांगला हात बघू. पहिला टर्न: फेचलँड फोडली, ग्रेव्हयार्ड १. प्रोब दोन प्राण देऊन फुकट, २. एका मॅनाला सिरम व्हिजन्स, ३. दुसरा टर्न: पुन्हा फेच, ४. थॉट स्कावर: वरची दोन कार्डं थेट ग्रेव्हयार्डमध्ये, एक हातात, आणि ती स्वतःही खाली. एका मॅनात तीन, म्हणजे ७. उरलेल्या मॅनाला बोल्ट, ८. तिसऱ्या टर्नला लँड टाकली, सात कार्डं जाळली, एक निळा मॅना भरला आणि तीन कार्डं ओढली. दोन मॅना अजून शिल्लक. हे अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉलच झालं, फक्त सॉर्सरीच्या वेळेत.

आता स्कावर नसलेला साधा हात. पहिल्या टर्नला फेच, प्रोब, व्हिजन्स: ३. दुसऱ्याला फेच आणि दोन बोल्ट: ६. तिसऱ्या टर्नला सहा जाळून दोन मॅना भरायचे, एक उरतो. तीन कार्डांना दोन मॅना. कॉन्सन्ट्रेटच्या निम्म्या भावात.

तिसरा हात डेकच्या स्वभावाला धरून: पहिल्या टर्नला फेचमधून डेल्व्हर, दुसऱ्याला फेचमधून पायरोमॅन्सर. दोन टर्न संपले आणि ग्रेव्हयार्डमध्ये फक्त दोन लँड. तिसऱ्या टर्नला बोल्ट आणि स्कावर झाले की सहा. चौथ्या टर्नला क्रूझ दोन मॅनाला, वर दोन मॅना मोकळे, आणि क्रूझ खेळल्याबद्दल पायरोमॅन्सर एक टोकन (छोटा प्राणी) देतो ते वेगळं. इथे उशीर झाला, पण त्या उशिराच्या काळात टेबलावर दोन प्राणी मारत होते. म्हणजे डेक क्रूझची वाट बघत थांबलेला नाही. ही बाब फार महत्त्वाची: ग्रेव्हयार्ड भरण्यासाठी वेगळं काम करावं लागत असेल तर ते काम किमतीत धरा, नेहमीचा खेळ खेळता खेळता भरत असेल तर धरू नका.

एक किंमत मात्र सगळे विसरतात: प्राण. वरच्या पहिल्या हातात दोन फेचचे दोन, ‘स्टीम व्हेंट्स’ ही लँड एकदा उभी (लगेच वापरता येईल अशी) आणली त्याचे दोन, प्रोबचे दोन. तिसऱ्या टर्नला आपण वीसवरून चौदावर, प्रतिस्पर्ध्याने बोट न लावता. समोर बर्न डेक (थेट प्राण घेणाऱ्या मंत्रांचा) असेल तर त्याचे दोन बोल्ट, प्रत्येकी तीन प्राणांचे, आपणच मारून दिले. चाचणीच्या वहीत मॅनाच्या रकान्याशेजारी प्राणाचा रकाना ठेवावा तो यासाठी.

फेचलँडचा आणखी एक धागा आहे आणि तो निव्वळ वेळेचा योग म्हणावा. मॉडर्नमध्ये तोवर ‘झेंडिकार’च्या पाचच फेचलँड चालत. २००२ च्या ‘ऑनस्लॉट’मधल्या पाच मॉडर्नच्या हद्दीबाहेर होत्या. त्या पाच पुन्हा छापल्या गेल्या त्या खान्स ऑफ तारकीरमध्येच. ‘पोल्युटेड डेल्टा’, ‘फ्लडेड स्ट्रँड’, ‘ब्लडस्टेन्ड मायर’, ‘वुडेड फूटहिल्स’ या चौघीही स्टीम व्हेंट्स शोधू शकतात. म्हणजे ग्रेव्हयार्ड खाणारं कार्ड आणि ते भरणाऱ्या लँड एकाच पाकिटातून आल्या. संचातलं कार्ड एकटं तोलायचं नसतं. त्याच्यासोबत पाकिटात आणखी कोण आलंय तेही बघावं. स्विफ्टस्पिअरही याच संचातली.

किती प्रती?

‘चांगलं आहे ना, मग चार’ हा सरधोपट नियम डेल्व्हला लागू पडत नाही, कारण दुसरी प्रत पहिलीच्याच तिजोरीतून खर्च करते. गणित असं. पहिल्यांदा खेळताना तिसऱ्या टर्नपर्यंत नऊ कार्डं दिसतात. साठाच्या डेकमध्ये दोन प्रती असतील तर त्या नऊत निदान एक असण्याची शक्यता २८ टक्के, दोन्ही असण्याची २ टक्के. तीन प्रतींना ३९ टक्के, आणि दोन किंवा जास्त असण्याची साडेपाच टक्क्यांच्या आसपास. चार प्रतींना जवळपास ४९ टक्के, आणि दोन किंवा जास्त १० टक्के. हे प्रोब-व्हिजन्सने ओढलेली जादा कार्डं न धरता. ती धरली की सगळे आकडे वर सरकतात.

म्हणजे तीनवरून चारवर गेल्याने वेळेत सापडण्याची शक्यता दहा टक्क्यांनी वाढते, आणि हातात दोन अडकण्याची पाच टक्क्यांनी. सुरुवातीच्या सात कार्डांत दोन क्रूझ म्हणजे पहिले दोन टर्न पाच कार्डांवर खेळणं. त्या काळात मुलिगनसोबत (हात टाकून एक कार्ड कमी घेणं) स्क्रायही (वरचं कार्ड बघून हवं तर तळाला टाकणं) मिळत नव्हता, त्यामुळे असा हात टाकून देणं आजच्यापेक्षा महाग पडे.

तरीही या डेकमध्ये चार हेच उत्तर बरोबर होतं. कारण पहिल्या क्रूझने आणलेल्या तीन कार्डांत सरासरी पावणेदोन कार्डं पुन्हा ग्रेव्हयार्डमध्ये जाणारी असतात, क्रूझ स्वतः एक, आणि पुढच्या दोन टर्नचे ड्रॉ आहेतच. दोन-तीन टर्नांत दुसरं क्रूझ दोन-तीन मॅनाला परवडतं. स्कावर नसलेल्या, फेचलँड पाच-सहाच असलेल्या डेकमध्ये मात्र दोनच्या वर जाऊ नये. तिथे दुसरी प्रत हातात सडते.

बाहेर काय काढायचं? इथे खेळाडूचा जीव अडकतो. लाल-निळ्या डेकमध्ये तोवर ‘स्नॅपकास्टर मेज’ घरचा माणूस. पण तोही ग्रेव्हयार्डवरच जगतो: त्याला तिथला एक इन्स्टंट किंवा सॉर्सरी हवी असते आणि क्रूझने सगळं साफ केलेलं असतं. दोघांचे चार-चार ठेवले की दोघंही उपाशी. स्नॅपकास्टर शून्य किंवा एकवर आणला की भांडण मिटतं. ‘टार्मोगॉइफ’ची गोष्ट थोडी वेगळी. तो ग्रेव्हयार्डमधले कार्डांचे प्रकार मोजतो, संख्या नाही. तेव्हा जाळताना एक लँड, एक इन्स्टंट, एक सॉर्सरी, एक प्राणी मागे ठेवता आला तर तो टिकून राहतो. पण मग सातसाठी अकरा कार्डं लागतात, आणि इतकी थांबायला कुणाला वेळ असतो?

जाळण्याचा क्रमही सवयीने ठरवून टाकावा. आधी फेचलँड, मग मेलेले किंवा स्कावरने पडलेले प्राणी, मग क्रूझच्याच जुन्या प्रती, आणि शेवटी बोल्टसारखे मंत्र, एखादा स्नॅपकास्टर असेल तर. घाईत मूठभर उचलून बाजूला केलेली सात कार्डं हा चाचणीत सर्वांत जास्त वेळा दिसणारा दोष आहे.

चाचणी कशी बिघडते

संच दुकानात येण्याआधी कागदाच्या चिठ्ठ्या स्लीव्हमध्ये घालून चाचणी करतात, त्यात वावगं काही नाही. वावगं असतं ते मोजण्यात. वीस डाव खेळले, बारा जिंकले, ‘साठ टक्के, कार्ड जबरदस्त’ असा निकाल लागतो. वीस डावांत बारा विजय आले तर खरा आकडा चाळीसपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. शंभर डाव केले तरी नऊ-दहा टक्के इकडेतिकडे. दोन मित्रांनी शनिवार-रविवार बसून शंभर डाव होत नाहीत, झाले तरी शेवटचे तीस झोपेत होतात.

त्यापेक्षा जिंकणं-हरणं बाजूला ठेवून कार्डाचाच हिशेब लिहावा. क्रूझ पहिल्यांदा हातात कितव्या टर्नला आलं, खेळलं कितव्याला, किती मॅना भरले, किती कार्डं जाळली, त्याच टर्नमध्ये आणखी काय खेळता आलं, आणि डाव संपला तेव्हा हातात क्रूझ पडून होतं का. प्रतिस्पर्धी नसताना, एकट्याने पहिले पाच टर्न खेळून हा हिशेब चाळीस-पन्नास वेळा तासाभरात होतो, आणि त्यातून जे कळतं ते वीस डावांतून कळत नाही. कारण इथे आपण किंमत मोजतो आहोत, आणि किंमत दर डावात दिसते. विजयात मात्र शंभर गोष्टी मिसळलेल्या असतात.

‘त्याच टर्नमध्ये आणखी काय’ हा रकाना गाळू नका. चौथ्या टर्नला चार कार्डं जाळून चार मॅना भरून क्रूझ खेळलं तर तीन कार्डं मिळतात खरी, पण टर्न संपला. प्रतिस्पर्ध्याला मोकळं रान. ते कॉन्सन्ट्रेट झालं, आणि कॉन्सन्ट्रेट मॉडर्नमध्ये कुणी खेळत नाही. एका टर्नने थांबून दोन मॅनाला खेळलं आणि उरलेल्या तीनमध्ये बोल्ट आणि मॅना लीक धरून ठेवलं, तर तेच कार्ड डाव फिरवतं. चाचणीत बऱ्याच जणांना क्रूझ ‘ठीकठाक’ वाटतं ते याच उतावीळपणामुळे.

साइडबोर्डनंतरचे, म्हणजे पहिल्या डावानंतर राखीव कार्डं आत घेऊन खेळलेले, डाव वेगळे मोजावेत. ‘रेस्ट इन पीस’ टेबलावर आलं की ग्रेव्हयार्ड संपलंच, क्रूझ खरोखरच आठ मॅनाचं होतं. ‘रेलिक ऑफ प्रोजेनिटस’ दर टर्नला एक कार्ड कुरतडतं आणि गरज पडली की सगळं पुसतं. अशा वेळी चारही क्रूझ काढून टाकायचा मोह होतो. पण प्रतिस्पर्ध्याने रेलिक आणलं म्हणजे त्याने आपल्या प्राण्यांना मारणारं काहीतरी बाहेर काढलं. दोन क्रूझ काढून दोन ठेवली, आणि डेल्व्हर-स्विफ्टस्पिअरने मार चालू ठेवला, की रेलिक हे नुसतंच वाया गेलेलं कार्ड ठरतं. रेस्ट इन पीस खात्रीने येणार असेल तरच चारही काढावीत.

धाकटा भाऊ की मोठा?

त्याच संचात ‘डिग थ्रू टाइम’ हे रेअर कार्डही होतं: सहा कुठल्याही रंगाचे आणि दोन निळे, डेल्व्ह, इन्स्टंट, वरची सात बघा, दोन हातात घ्या, बाकीची तळाला. बहुतेकांची नजर आधी तिकडे गेली, आणि तेही चूक नव्हतं. कॉम्बो डेकला (ठरावीक कार्डं जुळवून जिंकणारा) कुठल्याही तीन कार्डांपेक्षा सातातली हवी ती दोन जास्त मोलाची, आणि कंट्रोल डेकला (प्रतिस्पर्ध्याला अडवत खेळणारा) प्रतिस्पर्ध्याच्या टर्नच्या शेवटी खेळता येणं. पण कमीत कमी खर्च दोन निळे मॅना, एक नाही. बोल्ट आणि स्विफ्टस्पिअर भरलेल्या डेकमध्ये कुठलीही तीन कार्डं जवळपास सारखीच कामाची असतात, तिथे निवडीला फारसा अर्थ नाही आणि तिसऱ्या टर्नला एक मॅना वाचणं हे सोनं. बर्न डेकनेही निळा रंग मिसळून क्रूझ घेतलं ते याच कारणाने: प्रत्येक कार्ड तीन मारतं, मग कुठली तीन हे कशाला बघा?

मॉडर्नने जानेवारी २०१५ मध्ये दोन्हींवर एकदमच बंदी घातली, सोबत ‘बर्थिंग पॉड’वरही. लेगसीने आधी फक्त क्रूझ काढलं. डिग तिथे सप्टेंबर २०१५ च्या घोषणेपर्यंत टिकलं.

तोच हिशेब, दुसऱ्या मैदानात

स्टँडर्डमध्येही खान्सच्या फेचलँड होत्याच. पण प्रोब नाही, स्कावर नाही, एक मॅनाचे मंत्र मोजके. पाचव्या टर्नला ग्रेव्हयार्डमध्ये चारेक कार्डं, म्हणजे क्रूझ चार मॅनाला: बरोबर कॉन्सन्ट्रेट. चांगलं, उपयोगी, अनेक डेकमध्ये दोन-तीन प्रतींनी बसणारं कार्ड. बंदीचा प्रश्नच नव्हता.

लेगसीत उलट. ‘ब्रेनस्टॉर्म’, ‘पाँडर’, प्रोब, दहा-दहा फेचलँड, स्वतःला फोडणारी ‘वेस्टलँड’. मॉडर्नमध्ये पाँडर आणि ‘प्रीऑर्डेन’ २०११ पासूनच बंद होते, तरी तिथे तिसऱ्या टर्नला हिशेब जुळत होता. लेगसीत तर ग्रेव्हयार्ड भरण्यासाठी काही वेगळं करावंच लागत नव्हतं.

सर्वांत बोलकं उदाहरण पायोनिअरचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हा फॉरमॅट जाहीर झाला तेव्हा सुरुवातीच्या बंदी यादीत खान्सच्या पाच फेचलँड होत्या आणि क्रूझ नव्हतं. फेचलँड काढण्याची कारणं क्रूझपुरती नव्हती, पण खातेवहीवर परिणाम लगेच दिसतो. ‘आर्कलाइट फिनिक्स’च्या लाल-निळ्या डेकमध्ये चार क्रूझ असतात. पहिल्या टर्नला ‘कन्सिडर’, सर्व्हेलने (वरचं कार्ड बघून हवं तर ग्रेव्हयार्डमध्ये टाकणं) एक खाली पडलं तर ग्रेव्हयार्ड २. दुसऱ्याला एक मॅनाचे दोन मंत्र, ४. तिसऱ्याला ‘पीसेस ऑफ द पझल’: पाच उघडली, दोन हातात, तीन खाली, एक ती स्वतः, ८. चौथ्या टर्नला क्रूझ एका मॅनाला. मॉडर्नपेक्षा बरोबर एक टर्न उशीर, आणि त्यासाठी तिसरा टर्न अख्खा ग्रेव्हयार्ड भरण्यात गेला. त्या एका टर्नात प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला जागा मिळते.

बंदी लागू झाली त्याच दिवशी, २३ जानेवारी २०१५ ला, ‘फेट रीफोर्ज्ड’ हा पुढचा संच आला आणि त्यात पुन्हा डेल्व्ह होतं. ‘टासिगुर’ सहा मॅनाचा ४/५, ‘गुरमाग अँग्लर’ सात मॅनाचा ५/५ आणि कॉमन. क्रूझने पोळलेल्यांनी दोघांकडे धास्तीने बघितलं. वहीत मांडून बघा: टासिगुरला पाच कार्डं जाळून एक काळा मॅना, म्हणजे तिसऱ्या टर्नला सहज शक्य. अँग्लरला सहा. पण टेबलावर येतो तो एक प्राणी. त्याला एका मॅनाच्या ‘पाथ टू एक्झाइल’ने उत्तर मिळतं, आणि तो मागे ग्रेव्हयार्ड भरणारी तीन कार्डं ठेवून जात नाही. टासिगुर ‘लेजेंडरी’ प्राणी असल्याने दुसरी प्रत शेजारी उभी राहत नाही, म्हणून दोनच्या वर तो क्वचित खेळतात. दोघंही मॉडर्नमध्ये राहिले.